शिदबा फिटर आणि इंजिनाच्या तारखा

कोल्हापुरात एक भोळा फिटर होता. भोळा हे आपलं आम्ही म्हणतो, त्याचे मिस्त्री वेगळा शब्द वापरत. नाव शिदबा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि सगळी भानगड तिथंच होती.

हिंदुराव मिस्त्रींच्या गॅरेजात एकोणीसशे एकोणसत्तर सालची एक अमेरिकन गाडी होती. आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. सुरू केलं की शेजारच्या शेडचे पत्रे थरथरायचे. मिस्त्रींनी आठ वर्षं खपून ती उभी केली होती. आता पुण्याहून तपासनीस साहेब येणार होते. ते 'अस्सल' म्हणाले तर गाडी प्रदर्शनात जाणार, नाहीतर आठ वर्षांची मेहनत पाण्यात.

मिस्त्रींनी शिदबाला गाडीवरच्या तारखा दाखवल्या. "ही लोखंड ओतलं तवाची. ही इंजिन जोडलं तवाची. आन् ही दारावरची, गाडी तयार झाल्याची. आधी ओतलं, मग जोडलं, मग गाडी. क्रम चुकला की गाडी बनावट. आन् ध्यानात ठेव, तारीख जेवढी जुनी तेवढा माल भारी."

"ठेवलं," शिदबा म्हणाला.

दुपारी मिस्त्रींनी त्याला पाव आणायला पाठवलं. शिदबानं बेकरीतला सगळा ढीग उपसला आणि तळातला, नऊ दिवसांपूर्वीचा पुडा शोधून आणला. मिस्त्रींनी न बघता चहात बुडवून खाल्ला. गॅरेज दोन दिवस बंद राहिलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री भिंत धरत धरत आले. "लेका, शिळा माल आणतोस? मुदत संपलेली वस्तू दिसली की सरळ उकिरड्यावर टाकायची!"

"टाकतो की."

थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाले, "ड्रॉवरमधनं माझं लायसन आण." लायसनची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती. शिदबानं तारीख वाचली आणि तसाच उकिरड्याकडे गेला. मिस्त्री धावत पोचले तेव्हा एक म्हैस ते मन लावून चघळत होती.

"अरे बाबा, मुदत संपली म्हणून टाकत्यात व्हय? नवी तारीख घालून घ्यायची असती!"

"मग तसं आधी सांगायचं की," शिदबा म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मिस्त्री साहेबांना आणायला स्टँडवर गेले. "गाडी पुसून ठेव," एवढंच सांगितलं. शिदबा पुसू लागला. पुसता पुसता तारखा दिसल्या. एकोणसत्तर! म्हणजे मुदत कधीचीच संपलेली. मिस्त्रींची अब्रू जाणार, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत. त्यानं ग्राइंडर घेतला. मग छिन्नी घेतली. घामाघूम झाला, पण साहेब यायच्या आत काम फत्ते केलं.

साहेब इंजिनावर वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मिस्त्री, हे लोखंड कालच ओतलंय?"

मिस्त्री जवळच्या टायरवर मटकन बसले.

शिदबा पुढे झाला. "व्हय साहेब. काल ओतलं, आज जोडलं. क्रम एकदम बरोबर हाय."

"आणि दारावर कुठली तारीख घातलीस?"

"उद्याची."

"म्हणजे गाडी अजून तयारच झाली नाही?"

शिदबानं बोटं मोजली. दोनदा मोजली. साहेबांचं बरोबर होतं.

"व्हय की ओ," तो म्हणाला. "मग तुमी असं करा साहेब, उद्या या."