भागरता पाणकरीण आणि दोन झाडांचं गाव

तेंदूपार गावच्या जंगलातून वाघ उतरून तलावावर पाणी प्यायचा आणि माणसं त्याला वाट द्यायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. बसा नीट, आणि मधेमधे हुंकार द्या. गावाला देवी कशी मिळाली याची ही गोष्ट, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. गावाने एक बाई कशी घालवली याची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला दर वेळी राग येतो आणि आजही येणार आहे.

तलाव मोठा होता. त्याला मातीची रुंद पाळ होती आणि पाळीच्या आतल्या अंगाला तुडुम होतं. तुडुम म्हणजे पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी खुंट. वरचा खुंट काढला तर थोडं पाणी पाळीखालून कालव्यात आणि तिथून शेतांकडे जायचं, मधला काढला तर निम्मा तलाव उतरायचा, तळचा काढला तर सगळा. कोणता खुंट कधी काढायचा हे पाणकराचं काम. भागरताचा नवरा पाणकर होता. तो गेला, आणि दुसरं कुणी पुढे येईना म्हणून काम तिच्याकडे आलं. असं म्हणतात, ती पाण्यात उतरली की मासे तिच्या पायांना ढुशा द्यायचे, कारण तिच्या पायांना तलावाचाच वास होता.

गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या होत्या. वरचा टोला उंचावर होता. घरं सुरक्षित, पण धानाची शेतं सगळी तलावाच्या पाण्यावर. खालचा टोला पाळीच्या थेट खाली होता. तिथल्या लोकांना शेती थोडी होती, मासे आणि शिंगाडे जास्त. भागरताचा धाकटा भाऊ बकाराम वरच्या टोल्याचा पुढारी होता. तिची एकुलती एक मुलगी केसर खालच्या टोल्यात दिली होती, आणि केसरचा नवरा दुधराम त्या टोल्याचा पुढारी होता.

आता या गावाची एक रीत ऐका. पाळीवर दोन झाडं होती, एक चिंच आणि एक मोह. गावात काही ठरवायचं असलं की दोघांनी दोन गोष्टी मांडायच्या. एकाने चिंचेखाली उभं राहायचं, दुसऱ्याने मोहाखाली, आणि ज्याला जे पटेल त्याने त्या झाडाखाली जायचं. तिसरं झाड नव्हतं. मधे मोकळी जागा होती, तिथे ऊन असेल तर ऊन लागायचं आणि पाऊस असेल तर पाऊस. ही रीत कोणी लावली कोण जाणे. पण तिचा गावाला मोठा अभिमान होता. आमच्याकडे कसं सगळं चटकन ठरतं, असं ते पाहुण्यांना सांगायचे.

एका वर्षी भाद्रपदात पाऊस थांबेचना. तलाव काठोकाठ भरला आणि पाळीला बाहेरच्या अंगाने ओल फुटली. खालच्या टोल्यातल्या बायका भांडी घासायला गेल्या, तर मातीतून गढूळ पाणी पाझरताना त्यांना दिसलं. केसर तेव्हा बाळंतीण होती, तिचं लेकरू अजून पाचवीचंही झालं नव्हतं. आणि तिचं घर पाळीच्या पायथ्याशी होतं.

गाव पाळीवर जमलं. दुधराम चिंचेखाली उभा राहिला आणि ओरडला, "पाळ फोडा! जंगलाकडच्या अंगानं फोडा, समदं पानी जाऊ द्या! नाही तर आमची घरं वाहून जातीन!"

बकाराम मोहाखालून ओरडला, "एक थेंब जाऊ देनार नाही! धान पोटरीत आलं हाय. आपल्या आज्यापंज्यायनं बांधलेली पाळ हाय, ते कधीच फुटनार नाही!"

दोघांच्या बोलण्यात थोडं खरं होतं, हे विसरू नका. पाळ फुटली असती तर खालचा टोला उरला नसता. तलाव रिकामा झाला असता तर लोंबीत दाणा भरला नसता आणि दोन्ही टोल्यांनी वर्षभर उपाशी राहिलं असतं.

भागरता पाळीच्या बाहेरून चिखल चाचपून आली होती. ती दोन झाडांच्या मधे, पावसात उभी राहिली.

"फोडू नोका, अन् कोंडू बी नोका," ती म्हणाली. "मधला खुंट काढू. पानी निम्म्यावर आलं का पाळीवरचं वझं उतरन, मंग बाहेरून चिकनमाती भरू. कालव्याच्या काठचं थोडं धान सडन, पन थोडंच सडन. आळीपाळीनं चार मानसं इथं बसा लागन. पानी जास्त जाऊन राह्यलं तर खुंट लावू, कमी जाऊन राह्यलं तर अजून पाहू."

"मामी, तुम्ही कोनाच्या बाजूच्या, थे आंधी सांगा!" दुधराम सासूला म्हणाला.

"हो बाई, सांगच तू!" बकाराम म्हणाला. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"पोरगी तिकडं हाय, भाऊ इकडं हाय," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा बापा, मी कोनाले बुडवू?"

एकही माणूस तिच्याजवळ येऊन उभा राहिला नाही. उलट दोन्ही झाडांखालून तिच्यावर चिखलाचे गोळे आले.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट त्यांना समजली कशी नाही? समजली होती हो! सगळ्यांना समजली होती! पण चिंचेखाली कोरडं होतं, मोहाखाली कोरडं होतं. तिथे खांद्याला खांदा लागत होता, अंगात ऊब येत होती. मनातून जो थरथरत होता तोही तिथे ओरडला की शूर वाटत होता. आणि ओरडायला काय लागतं? "फोडा" म्हणायला एक श्वास पुरतो. भागरताच्या बोलण्यात काम होतं. चिखल वाहायचा, रात्रंदिवस पहारा द्यायचा, स्वतःच्या शेतातलं थोडं धान डोळ्यांदेखत सडू द्यायचं, आणि आपलं चुकलं तर खुंट परत लावायचा. आपलं चुकू शकतं, एवढं मान्य करण्यापेक्षा या गावाला बुडून मरणं सोपं वाटलं. अशी ही माणसं!

भागरता एकटी तुडुमात उतरली आणि तिने मधला खुंट काढला. पाणी जाऊ लागलं. लगेच बकारामची माणसं धावली, त्यांनी तिला ढकलून मोगरीने खुंट परत ठोकला. ते पाहून दुधरामची माणसं कुदळी घेऊन जंगलाकडच्या टोकाला पळाली आणि पाळ खणू लागली. मग वरच्या टोल्याने काठ्या काढल्या. पाळीवर रक्त सांडलं, आणि पाळीखाली पाझर बोटाएवढा होता तो मनगटाएवढा झाला.

तेव्हा भागरता पुन्हा उतरली. तिने मधला खुंट उपटला आणि कुणाला परत लावताच येऊ नये म्हणून तलावात दूर फेकून दिला. पण आता पाणी आवरेना. भोकातून ते इतक्या जोराने जाऊ लागलं की कालव्याचे काठ ढासळू लागले. अशाने पाळ आतूनच पोखरली असती. खुंट तर गेला होता. मग ती स्वतःच त्या पायरीवर बसली आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात तिने भोकाला पाठ लावली.

असं म्हणतात, तिच्या उजव्या अंगाने पाणी गेलं आणि डाव्या अंगाने पाणी गेलं, पण ते ती जाऊ देईल तेवढंच गेलं. असं म्हणतात, तलावातले मासे तिच्याभोवती कडं करून उभे राहिले आणि लाटांचा मार त्यांनी अंगावर घेतला. जंगलातला वाघ पाळीवर येऊन बसला आणि ती बसून होती त्या तीन दिवसांत त्याने पाणी तोंडाला लावलं नाही.

वाघ आला, मासे आले, आणि माणसं? माणसं झाडांखाली उभी होती. पाणी उतरतंय हे खालच्या टोल्याला दिसत होतं, म्हणून कुदळी थांबल्या. सगळं पाणी जात नाही हे वरच्या टोल्याला दिसत होतं, म्हणून काठ्या थांबल्या. पण तिला हात द्यायला कुणी उतरलं नाही. जो उतरेल तो आपलं झाड सोडून गेला असं झालं असतं ना! शंभर धडधाकट माणसं, आणि एकालाही आपली जागा सोडवेना. थू तुमच्या जिण्यावर!

फक्त केसर आली. ओली बाळंतीण, लेकराला पदराखाली धरून पाळीवर आली आणि ओरडली, "माय, निंघ आता! मरशीन!"

"निंघतो वं," भागरता म्हणाली. तिचे ओठ काळेनिळे झाले होते. "अजून थोडं उतरू दे. तू घरात जाय, लेकराले वारं लागन."

तिसऱ्या दिवशी पाणी मधल्या पायरीखाली गेलं आणि पाझर थांबला. पाऊसही थांबला. असं म्हणतात, पायरीवर बाई नव्हती, बाईच्या आकाराचा दगड होता. पण केसर वेगळंच सांगायची. ती म्हणायची, मायचं अंग थंड होतं, पाठीचं कातडं गेलं होतं आणि तिला मी एकटीने उचललं.

त्या वर्षी कुणी बुडलं नाही, कुणी उपाशी मेलं नाही. धान थोडं कमी झालं, इतकंच. मग गाव काय म्हणालं माहीत आहे? वरचा टोला म्हणाला, "पाळ तशीबी फुटनारच नव्हती, त्या चेटकिणीनं उगाच आमचं धान घालवलं." खालचा टोला म्हणाला, "चेटकीणच ते. फोडू दिली असती तर तीन दिवस जीव टांगनीले लागला नसता." संकट आलं असतं तर त्यांना दिसलं असतं. टळलेलं संकट कुणाला दिसणार?

पुढच्या वर्षी पीक मात्र भरघोस आलं. लगेच तेच लोक शेंदूर घेऊन निघाले. आता भागरता देवी झाली! वरचा टोला म्हणाला, आमची देवी, तिने आमचं पाणी राखलं. खालचा टोला म्हणाला, आमची देवी, तिने आमची घरं राखली. दोघेही वाजतगाजत तुडुमापाशी पोचले आणि तिच्याच पायरीच्या वर, काठावर त्यांची मारामारी जुंपली.

केसर मुलाला कडेवर घेऊन मधे आली. तिने शेंदुराची ताटली उचलली आणि तलावात भिरकावली.

"चेटकीण झाली, आता देवी झाली," ती म्हणाली. "माही माय बाई होती रे! हाडामासाची बाई! तिले थंडी लागत होती! तुमच्यातून एकानं घटकाभर तिच्या जागी बसाचं होतं, तर ते आज घरी असती!"

मग केसरने मुलाला खाली ठेवलं, मामाचा दंड धरला आणि नवऱ्याचा दंड धरला.

"मामा, उतरा," ती म्हणाली. "अन् तुम्ही बी उतरा."

असं म्हणतात, त्या दिवशी तिच्या बोटांत वाघाचं बळ होतं. बकाराम आणि दुधराम मुकाट्याने पाण्यात उतरले आणि तिने सांगितलं तसे मधल्या पायरीवर पाठीला पाठ लावून बसले. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं. बोलायला तोंड उघडलं की पाणी आत जायचं.

तेंदूपारला आजही हे चालतं. भागरताच्या दिवशी, म्हणजे ती गेली त्या तिथीला, तिथे शेंदूर नाही, नारळ नाही, नवस तर नाहीच. केसरच्या घरातली सगळ्यांत वडील बाई पाळीवर उभी राहते आणि वर्षभर ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता असा एकेक माणूस दोन्ही टोल्यांतून बोट दाखवून निवडते. कितीही मोठा असो, त्याला नाही म्हणता येत नाही. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघांनी त्या पायरीवर पाठीला पाठ लावून बसायचं असतं. बाहेर आले की दोघांना एकाच गंजात शिजलेली गरम पेज मिळते. काहींना त्यातून अक्कल येते. बहुतेकांना पडसं येतं.