भागाजीची घोंगडी

पत्र आलं तो दिवस साधाच होता. दुधाची पिशवी फाटली होती आणि मी ओटा पुसत होतो.

परदेशातल्या विद्यापीठानं आमच्या संशोधनाचा दुसरा टप्पा मंजूर केला होता. फक्त एक सही हवी होती. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नदीपलीकडच्या तकियात, फकिराच्या मठीत, पोचलो. गुलाबशा बाबा चिंचेखाली बसले होते. भिंतीला टेकून, आपापल्या घोंगडीवर, आठ माणसं बसली होती. चौघे आमच्यातले, चौघे त्यांच्यातले. नववी घोंगडी रिकामी होती.

तीन वर्षांपूर्वी याच जागी, याच माणसांनी माझ्यासमोर तोंड उघडलं होतं. गावात दंगल झाली त्या दिवशी कुणाच्या हातात काय होतं, हे ते पहिल्यांदाच बोलले होते आणि माझ्या यंत्रानं त्यांचे आवाज टिपले होते. त्याच दंगलीत माझा धाकटा भाऊ अच्युत गेला.

"राम राम," मी म्हणालो.

आठांपैकी कुणी उत्तर दिलं नाही.

"मनावर घेऊ नकोस, मास्तर," बाबा म्हणाले. "तू गेल्यापासून गप आहेत. घरीसुद्धा. रशीद तर शेळ्यांनाही हाक मारत नाही. चुटकी वाजवतो."

रशीदनं माझ्याकडे पाहिलं. पापणी हलवली नाही.

मी रिकाम्या घोंगडीवर बसायला वाकलो.

"तिथं नको."

"का?"

"भागाजी बसलाय."

भागाजी लोहार चैत्रात वारला होता. तसं मला कळवलं होतं. मी हात टेकला होता तो उचलला. सावलीतली घोंगडी होती. उबदार लागली.

मी जमिनीवर बसलो आणि सहीचं बोललो.

"कशावर सही पाहिजे, म्हणालास?"

मी कागद वाचून दाखवला. दोन्ही देशांतलं संशोधन समान भागीदारीनं झालं. ज्यांनी माहिती दिली, त्यांच्यापर्यंत ती परत पोचवली.

बाबांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काय निघालं तुझ्या संशोधनात?"

हे मला सांगता येत होतं. तीन देशांत सांगून झालं होतं.

"धर्मवेड एकट्या माणसात नसतं, बाबा. ते गर्दीत तयार होतं. गर्दीत माणूस स्वतःचा आवाज हरवून बसतो."

"मग यांनी तो इथं बसून शोधला."

"हो."

"आणि तू घेऊन गेलास."

...

चिंचेवर एकही पाखरू नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तकियाची एक रीत आहे. इथं बसून सांगितलेलं बाहेर न्यायचं असेल, तर आधी ते सांगणाऱ्याला परत ऐकवायचं. तो 'हो' म्हणाला, की मगच उंबरा ओलांडायचा. मला ती ठाऊक होती. येतो दोन दिवसांत, असं मी नऊ जणांना म्हणालो होतो.

"आता ऐकव," बाबा म्हणाले. "सगळे आलेत."

"माझ्याकडे नाही ते. तिकडं ठेवलंय, विद्यापीठात. ऐकवायचं तर अर्ज करावा लागतो."

"कुणी?"

"मी."

"यांचा आवाज यांना ऐकवायला, तू, तिकडं अर्ज करणार."

"तसा करार आहे, बाबा."

भिंतीपाशी कुणीतरी हसलं. आठही तोंडं मिटलेली होती.

"बरं, राहू दे यंत्र," बाबा म्हणाले. "तोंडानं सांग. भागाजी काय बोलला होता?"

"तो म्हणाला, की जमाव जेव्हा..."

"हे तुझं झालं. त्याचं सांग."

मी आठवू लागलो. माझ्या पुस्तकातलं पान आठवलं. पानाचा आकडा आठवला. भागाजीचं एकही वाक्य आठवेना.

"अच्युतला शेवटचं त्यानं पाहिलं होतं," बाबा म्हणाले. "तो तेच सांगायला बसला होता. तू कुठं होतास?"

...

"यंत्र सुरू केलं," मी म्हणालो, "आणि नदीवर गेलो."

"किती वेळ?"

"तो थांबेपर्यंत."

"मग पुढं?"

"मग तसंच पाठवून दिलं. लिहून काढायचं काम तिकडच्या मुलीनं केलं. मी तो भाग उघडला नाही."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सहीचा कागद नवव्या घोंगडीवर ठेवला. वारा नव्हता. कागदाची एक कड उचलली गेली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि खाली आली. वाचून झाल्यावर माणूस खाली ठेवतो तशी.

रशीद उठला. त्याच्यामागून एकेक करत आठही जण उठले. घोंगड्या झटकल्या, खांद्यावर टाकल्या, आणि माझ्याकडे न बघता उंबऱ्याकडे निघाले.

नवव्या घोंगडीत, कुणी बसल्यावर पडतो तसा, मधे खळगा होता; तो हळूहळू वर येऊ लागला.

बाबांनी त्यावर तळवा ठेवला. खांद्यावर ठेवावा तसा.

"बस, भागाजी," ते म्हणाले. "यानं तुझं ऐकायचं राहिलंय."