साळुंकीची ढोली

माणसांना घरपट्टी सुचायच्याही आधीची गोष्ट. एका जुन्या पांगाऱ्यावर सुतार पक्ष्याच्या दोन ढोल्या होत्या. एकीत तो राहायचा, दुसरीत साळुंकीचं बिऱ्हाड. ती भाड्यापोटी करवंदं द्यायची, आणि त्यातला रानाचा वाटा खार घेऊन जायची. मालकाच्या स्वतःच्या राहत्या ढोलीवर मात्र वाटा माफ असे.

शेजारच्या तांबट पक्ष्याने सुताराचे कान भरले, "वेडा की काय तू? दोन्ही ढोल्या राहत्या दाखव!"

सुताराने साळुंकीला ढोली सोडायला सांगितलं. ती पिल्लांना घेऊन निघून गेली.

वाटा वाचला, भाडंही बुडालं. पण सुताराला वेगळंच काहीतरी छळू लागलं. पूर्वी त्याने खोडावर चोच मारली की ती ओरडायची, "सुतारदादा, पोरं आत्ता कुठे झोपलीत!" आता तो ठोकता ठोकता थांबायचा आणि वाट बघायचा. कोणीच ओरडत नसे.

खार आली तेव्हा सुताराने स्वतः वेचलेली करवंदं तिच्यापुढे ठेवली.

"ती ढोली भाड्याची आहे. साळुंकी राहते तिथे."

खारीने आत डोकावलं. "अरे, आत तर कोणीच नाही!"

"हळू बोल गं," सुतार म्हणाला, "तिची पोरं या वेळी झोपतात."