धुराडं गाळणी लावतं तेव्हा

"रोज उगवतीकडे तोंड करून बसते. नांदायची लक्षणं नाहीत हिची," सासूबाई साळुंकी नवऱ्याच्या, मामंजींच्या, कानाशी लागल्या, आणि ते नेमकं नव्या सुनेनं, मंजुळेनं ऐकलं.

पाखरं आणि धुराडी एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. मंजुळा कारखान्याच्या पत्र्याखाली नांदायला आली होती. माहेर समोरच्या, उगवतीच्या डोंगरावर, पण मध्ये सगळा धूर. सरकारच्या हुकमानं धुराड्याला गाळणी मिळाली होती खरी. पण तपासनिसाच्या जीपचा भोंगा ऐकला की ते ती घाईघाईनं तोंडाला लावी, आणि जीप वळताच काढून ठेवी. डोंगर दिसे तो तेवढ्यापुरता.

"भाऊजी, रोज का नाही हो लावत?" तिनं धुराड्याला विचारलं.

"वहिनी, लग्नातला फेटा कुणी रोज बांधतं का?" धुराडं खोकत खोकत हसलं.

"आणि डोंगर काय पळून जातोय?" मामंजी म्हणाले.

मंजुळा धुराकडेच बघत राहिली. आईचं घरटं ज्या झाडावर होतं, त्याचा शेंडा हललेला तिला नुसता बघायचा होता.

"बोल की गं काहीतरी!" सासूबाई वैतागल्या.

ऐकलेला आवाज साळुंकीला हुबेहूब काढता येतो. मंजुळेनं मान उंचावली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोंऽऽ पोंऽऽ!"