छतातला पाऊस

मिरजेच्या रझियाआपा सतारी घडवत. श्रावणातल्या धूसर सकाळी त्या अर्धवट झोपेत छताकडे पाहत पडून असत. तिथे ओलीचे डाग ढगांसारखे हळूहळू पसरत आणि त्यांतून थेंब ठिबकत. एके सकाळी त्या थेंबांनी नव्या सतारीच्या भोपळ्याचा जोडच उकलला.

वरच्या घरात सोसायटीचे अध्यक्ष दिगंबरराव हसबनीस राहत. ते पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर होते. आपांनी सभेत तक्रार मांडताच ते गरजले, "माझ्या बाथरूममधून थेंबही गळत नाही. हा भिंतीत मुरलेला पाऊस आहे. पाण्याचं मला शिकवता?"

"छे, साहेब, तुम्हीच जाणकार," आपा शांतपणे म्हणाल्या. "पाऊसच असणार. फक्त तो रोज सकाळी बरोबर सातला येतो, त्याला चंदनाच्या साबणाचा वास येतो आणि पडताना तो मोठ्यानं भूपाळी म्हणतो."

सगळ्यांत आधी दिगंबररावांच्या पत्नीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी वरच्या बाथरूमची फरशी फोडली गेली. गंजून चाळण झालेला पाइप निघाला, काही दिवसांत नवं बाथरूम झालं. दिगंबरराव स्वतः खाली आले. "चुकलं माझं, आपा," म्हणाले आणि सतारींची ओली लाकडं उन्हात नेऊन ठेवू लागले.