हत्तिणीची गोधडी

फार पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की हत्तीलाही थंडी वाजते हे तेव्हाच्या माणसांना ठाऊकच नव्हतं.

डोंगराच्या कुशीतल्या एका राजाकडे एक म्हातारी हत्तीण होती. एका हिवाळ्यात ती अशी काही काकडली, की पायातली साखळी रात्रंदिवस खुळखुळत राहिली. वैद्यबुवांनी तिचा कान हातात धरून पाहिला आणि भर दरबारात सांगितलं, "महाराज, यंदाची थंडी कशीबशी निभावली. पुढच्या थंडीत हिची पाठ उघडी राहिली, तर हत्तीण संक्रांत बघायची नाही."

दरबार हादरला. घोंगडी पांघरून झाली होती, पण त्या पाठीवर ती टिकलीएवढी दिसत होती!

गर्दीत एक तरुण बाई उभी होती. तान्ह्या बाळांची दुपटी शिवावीत तर तिनंच, असं तिचं नाव होतं. लहानपणी ती पुरात वाहून चालली होती, तेव्हा याच हत्तिणीनं तिला सोंडेनं उचलून काठावर ठेवलं होतं. तिचा जीव कळवळला आणि ती मोठ्यांदा बोलून गेली, "महाराज, मी शिवते हिच्यासाठी गोधडी!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

दुसऱ्याच दिवशी माहूत मापाचा दोर घेऊन दारात हजर. त्यानं दोर सोडायला सुरुवात केली. दोर ओसरीवरून निघाला, तुळशीला वळसा घालून दाराबाहेर पडला आणि शेजारणीच्या गोठ्यात जाऊन थांबला.

"हे नुसतं पाठीचं," माहूत म्हणाला. "पोटाचं माप उद्या आणतो."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तरी तिनं कंबर कसली. गावभरची जुनेरं गोळा केली आणि गावाबाहेरच्या खळ्यावर एकदम पसरली. कडेनं टाके घालता घालता ती आत सरकली, तर मधे हात पोचेना. म्हणून ती कापडावरच बसली, तर खालची जुनेरं गोळा होऊ लागली. इकडे सरळ करावं, तर तिकडे चुणी. अशात चैत्रातली वावटळ आली आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळं आभाळात गेलं! टाके उसवले, गावातल्या यच्चयावत साड्यांच्या चिंध्या बाभळीवर जाऊन लटकल्या. बाई आ वासून बघत राहिली. मग घरी आली आणि तिनं अंथरूण धरलं.

तिची सासू बोलायची कमी आणि बघायची जास्त. दोन दिवस तिनं सुनेला रडू दिलं. तिसऱ्या दिवशी उशाशी येऊन म्हणाली, "ऊठ. परगावच्या एका बाईला दिलंय ते काम. चांगला हात हाय तिचा. तू आपली दुपटी शीव. पाटलाच्या सुनेला दिवस गेलेत."

बाईला सुटल्यासारखं वाटलं, आणि शरमही वाटली. जिनं आपला जीव वाचवला, तिची गोधडी दुसरीच कुणी शिवणार! पण दुपटं मांडीवर घेतलं तशी बोटं आपोआप चालू लागली. मांडीवर मावेल एवढंच तर काम. रांगेनं दोरे घातले, कोपरे दुमडले, झालं. सासू ते घेऊन गेली आणि येताना नवी बातमी घेऊन आली. कुंभाराच्या घरी पाळणा हलणार. तेल्याकडे तर जुळं हाय म्हणे!

पावसाळाभर हेच चाललं. बाई चक्रावली. गावात एवढी बाळं जन्मतायत, मग बारशाच्या घुगऱ्या एकाही घरातून कशा येईनात? पण सासूला विचारायचं कसं?

दिवाळी सरली. एका सकाळी सासू म्हणाली, "आज वेशीजवळच्या म्हातारीसाठी एक शीव."

"तिच्या सुनेला दिवस गेले व्हय?"

"न्हाई. तिलाच."

सुई कचकन बोटात घुसली. "आत्याबाई! अहो, तिच्या तोंडात एक दात न्हाई!"

"मग? बाळाच्या तरी कुठं असतो?"

सासूनं आधी तोंडाला पदर लावला, मग मात्र तिला हसू आवरेना. "काय करू गं? गावातल्या समद्या सुना संपल्या!"

तिनं सुनेला हाताला धरून आत नेलं आणि कणगीचं झाकण उघडलं. आत धान्य नव्हतं. तळापासून गळ्यापर्यंत दुपटीच दुपटी होती. बाईनं एक उचललं, दुसरं उचललं. प्रत्येकावरचा टाका तिचा स्वतःचा होता. ती मटकन खाली बसली.

"मग ती परगावची बाई?"

"माहेर कुठलं तुझं? ह्याच गावचं हाय का?"

बाई हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

मग गावातल्या बायका जमल्या. दुपट्याला दुपटं जोडून लांब पट्टे केले, पट्ट्याला पट्टा जोडला. पौषातल्या कडक थंडीत ती गोधडी हत्तिणीच्या पाठीवर चढली आणि दोन्ही बाजूंनी पार पोटाखाली उतरली. साखळीची खुळखुळ थांबली. राजाचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"बाई, एवढी अवाढव्य गोधडी शिवलीत तरी कशी?"

"मला कुठं येतीय महाराज एवढी मोठी गोधडी शिवायला?" बाई म्हणाली. "मी आपली दुपटी शिवली."

हत्तिणीनं ती संक्रांत पाहिली आणि पुढच्याही कितीतरी पाहिल्या. शेवटी एका उन्हाळ्यात, पिकलं पान गळावं तशी, ती झोपेतच गेली. बाई पोटभर रडली. मग तिनं गोधडीचे जोड उसवले आणि जिथं पाळणा हलेल, त्या घरी एकेक दुपटं पाठवायला सुरुवात केली. पाटलाकडे गेलं, कुंभाराकडे गेलं, तेल्याकडे तर खरोखरच जुळं झालं आणि दोन गेली. वेशीजवळच्या म्हातारीलाही एक मिळालं, पणतवंडासाठी. सासूनं सांगितलेलं एकही बाळ शेवटी खोटं ठरलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, काम हत्तीएवढं असलं तरी एका वेळी मांडीवर मावेल एवढंच घ्यावं. तसंच ते पुरं होतं.