घाट चढलेली रजई

फार मागली गोष्ट. तेव्हा मीठसुद्धा बैलाच्या पाठीवर बसून घाट चढायचं, म्हणजे बघा.

घाटाखालच्या एका गावात दस्तगीर नावाचा पिंजारी राहत होता. त्याने पिंजलेला कापूस ओंजळीत घेतला तर हाताला भार कळायचा नाही. हे सांगायला तो दुसऱ्या कुणाची वाट बघायचा नाही, स्वतःच चारचौघांत सांगायचा.

त्याची लेक शहाबी घाटमाथ्यावर दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, आणि वरची थंडी तान्ह्या बाळांना सोसायची नाही. दस्तगीरने बाळबाळंतिणीसाठी रजई भरली. गठडं इतकं फुगलं की दारातून निघेना. छाती काढून तो ते घाटावर मीठ नेणाऱ्या बैलांच्या तांड्याच्या नायकाकडे घेऊन गेला.

नायक माल तोलत नसे. तो गठड्याभोवती दोरी फिरवायचा, आणि जितकी दोरी लागेल तितकं भाडं सांगायचा. रजईला अख्खी दोरी लागली.

"बैल पुरा एक," नायक म्हणाला. "भाडं दुभती शेळी."

"अहो, कापूस आहे तो. उचलून तर बघा."

"उचलला. बैलाला कळणारही नाही. पण त्याची पाठ तेवढीच, दस्तगीरभाई. तुमची रजई बसली की माझं मीठ कुठं बसवू?"

घरात शेळी एकच, तिच्यावरच घर चाललेलं. तांडा सकाळी निघणार, पुढचा थेट होळीनंतर. दस्तगीर गठडं घेऊन परत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्याची बायको मलन पुढे झाली. रजईची घडी घालून ती वर गुडघे रोवून बसली.

"अगं, माझ्या कामाची चिंधी करून पाठवतेस? व्याही काय म्हणतील?"

"तुमचं पिंजणं खरं असेल तर फुलेल ते परत," मलन म्हणाली. "का तुमचाच भरवसा नाही त्याच्यावर?"

हे त्याला झोंबलं. उठून तोही घडीवर बसला. दोघांनी रजई दाबून गुंडाळली आणि कापूस पिंजायच्या धनुकलीची जुनी तात घेऊन करकचून आवळली. सकाळी नायकाची दोरी जेमतेम हातभर लागली.

"मिठाच्या दोन गोण्यांमध्ये खोचतो," नायक म्हणाला. "बैलाला थोडी पेंड घाला, झालं भाडं."

घाटमाथ्यावर शहाबीच्या सासूने ते चपटं गाठोडं पाहून नाक मुरडलं. शहाबीने तात सोडली, रजई उन्हात टाकली आणि काठीने झोडपली. दुपारपर्यंत ती अशी फुलली, की सासूने शेजारणींना हाका मारून बोलावलं. ऐन गारठ्यात बाळ जन्मलं आणि त्या रजईत ऊब धरून निवांत झोपलं.

होळीनंतर हा निरोप खाली आला. दस्तगीर गावभर सांगत हिंडला. या खेपेला मात्र तो मलनचं नाव आधी घेत होता.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: वाटेत जागा थोडकीच अडवावी, कामात दम असेल तर मोठेपण मुक्कामी पोचल्यावर दिसतंच.